पंडितजींचं घर

तेहतीस वर्षं मी सरकारी शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आणि रीत गायब असली, की मी समजायची, पोरानं शेजारच्या वहीत डोकावलंय. निवृत्तीनंतर विकत घ्यायला म्हणून टेकडीवरचं ते घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तसंच वाटलं. उत्तर फारच बरोबर होतं.

मझौलीच्या पुढे, टेकडीवर, पन्नास-साठ उंबऱ्यांचं जुनं गाव. गोंड राजांच्या काळातली पडकी तटबंदी, पायऱ्यांच्या विहिरीची एक बावडी आणि दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशी दगडी गल्ली. घर दगडाचं, वर कवेलूचं छप्पर, मागे सीताफळाची दोन झाडं. जबलपुरात अधारतालला आमच्या घरासमोर डीजेवाल्याचं दुकान आहे. त्यामुळे नवऱ्याला त्या शांततेनं जी भुरळ पाडली, तिला तोड नाही. परतताना गाडीत ते झाडांना आळी कशी करायची ते सांगत होते. मी मात्र विचार करत होते, की एवढं चांगलं घर इतक्या स्वस्तात का विकून राहिली ही बाई?

घर विकणाऱ्या म्हाताऱ्या विधवेला सगळं गाव अम्मा म्हणत होतं. ती जबलपूरच्या गोरखपुरात मुलाकडे राहायला जाणार होती. मी छताचे वासे काठीनं ठोकून पाहिले. सापाची बिळं शोधली. कागद वकिलाला दाखवले, तेही साफ निघाले. तरी कुठेतरी पाणी मुरत होतं. कारण अम्मानं आमचं आडनावच विचारलं नव्हतं. आम्हाला घर दाखवताना लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. भाड्याच्या खोल्यांपासून मला त्याची सवय आहे. विचारणाऱ्याचा राग येतो. न विचारणाऱ्याचा मला संशय येतो.

तिसऱ्या खेपेला उलगडा झाला. समोरच्या घरातली बाई आली आणि तिनं सरळ माझ्या नवऱ्याच्या पायांना हात लावला.

"पंडितजी, अगले महीने हमारे यहाँ कथा बाँच दोगे?"

घर दाखवणाऱ्या दलालानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, मराठी पंडित येताहेत. इकडे मराठी बोलणारा म्हणजे पंडितच, असा पुष्कळांचा समज आहे. विदर्भातून मजुरीला आलेले आमचे आजोबा त्यांच्या हिशेबात कुठे बसतच नाहीत. आम्ही बौद्ध. माझा नवरा "देखते हैं" म्हणाला आणि बावडीकडे बघत उभा राहिला.

गाडीत बसल्याबरोबर मी सुरू झाले. "काहून गप बसले तुम्ही?"

"अगं, ती बोलून राहिली होती. मधातच काय तोडायचं तिला?"

"आणि बुद्धाची मूर्ती कुठं ठेवाल तिथं?"

त्यांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "सुरुवातीचे काही दिवस आतल्या खोलीत ठेवू. लोक ओळखीचे झाले, की मग बाहेर. आणि तू तरी कुठं बोलली?"

संसारात मी त्यांच्यावर इतकी कधी चिडले नव्हते. चिडण्याचं खरं कारण त्यांचं शेवटचं वाक्य होतं. मीही बोलले नव्हते. त्या बाईनं पाय धरले तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला क्षणभर बरं वाटलं होतं. घर आता हातचं जात नाही, असं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते.

बयाणा द्यायच्या दिवशी मी पर्स उघडलीच नाही. अम्मा ओट्यावर मटार सोलत बसली होती. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अम्मा, हम पंडित नहीं हैं. बौद्ध हैं. आपको पता था?"

"आधार कार्ड मेरे बेटे ने भी पढ़ा है," ती शेंगेवरची नजर न काढता म्हणाली.

"तो बोलीं क्यों नहीं?"

"घर मेरा है, बेच दूँगी. पड़ोस मेरा नहीं है, वो कैसे बेचूँ? मैं तो जा रही हूँ, दीदी. रहना तुमको है."

मला तिचा राग यायला हवा होता. पण या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेलं ते पहिलंच माणूस. मी उठले, गल्ली ओलांडली आणि समोरच्या बाईला सांगितलं, "कथा के लिए किसी और को बुला लीजिए. हम लोग बौद्ध हैं."

"अच्छा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

नवरा माझ्यामागे येऊन उभा राहिला. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग ती चहा घेऊन आली, कागदी कपात. माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. कागदी कप आमच्यासाठी, की सगळ्याच पाहुण्यांना? तीही कागदी कपातूनच पीत होती. पण मग ती मुद्दाम तसं करत असेल तर? चहा संपला तरी माझं उत्तर येईना.

"मग, काय करायचं?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"बयाणा देऊन टाका," मी म्हटलं. "मूर्ती दारासमोरच्या खोलीत राहील. नाहीतर मी अधारतालहून हलत नाही."

राहायला गेलो त्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि मी गल्लीला चहाला बोलावलं. चिनी मातीचे बारा कप धुऊन मांडले. गल्लीला त्या दिवशी अचानक फार कामं निघाली. कुणी शेतात गेलेलं, कुणाचं डोकं दुखत होतं. समोरची बाई मात्र आली. दारातून तिनं बुद्धाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि सतरंजीवर बसली. मी तिच्यापुढे कप ठेवला आणि लाज सोडून त्या कपाकडे बघत राहिले. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"दीदी, शक्कर कम है."

साखर आणायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथे मला रडू कोसळलं. एक घोट चहा कुणी प्यायला म्हणून साठी उलटलेल्या बाईनं रडावं, याचा संतापही आला. डोळे पुसून दोन चमचे साखर नेली. ती सगळा चहा प्यायली.

तिचा नवरा बाहेर गल्लीत उभा होता. मी कप घेऊन दारात गेले.

"अभी पी के आया हूँ," तो म्हणाला.

अजून मी त्याला रोज विचारते.