लिटमसचे आठ आठवडे

आमच्या शाळेत विज्ञानाचे सर दर दोन वर्षांनी बदलायचे, लॅबकाका मात्र तेच. चौतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आमच्यासारख्या गुणी मुलांनी फोडलेल्या काचा झाडल्या. शिकवायचा अधिकार त्यांना नव्हता. तरी माझ्या डोक्यात जे काही थोडं विज्ञान टिकलंय ते त्यांचंच. "एका वेळी एकच गोष्ट बदल रे. दोन बदलल्यास की गुण कुणाचा आणि गुन्हा कुणाचा, ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

निवृत्त झाल्यावर ते आणि काकू आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. मूलबाळ नव्हतं. "शाळेत रोज चारशे बघितली, घरी आणखी कशाला," असं काका म्हणायचे आणि काकू लगेच दुसरा विषय काढायच्या. घरात तिसरं माणूस म्हणजे लिटमस नावाचं पांढरं मांजर.

मागच्या वर्षी काकूंनी अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आली तरच पुढचे उपचार झेपतील, तेव्हा दोन वेळा पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. काकू दिवसभर पडून असायच्या आणि लिटमस त्यांच्या पोटाला चिकटून. गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा हे बरं, म्हणायच्या, याला सारखं भरावं लागत नाही.

आणि नेमकं तेव्हाच लिटमस खाजवायला लागलं. कानामागचे केस गेले, मान रक्ताळली. काका त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"खाण्याची अ‍ॅलर्जी दिसते," बाई म्हणाल्या. "कोंबडी, अंडं, मासे, दूध, सगळं बंद. यानं जन्मात कधी खाल्लं नाही असं एकच मांस द्यायचं, डब्यातलं, ओलं. आठ आठवडे. मध्ये दुसरा एक घास गेला तरी पहिल्यापासून सुरुवात. आणि काका, जखमा भरल्या नाहीत तर याला आजारी माणसाच्या अंथरुणात ठेवता येणार नाही. कुणाला तरी देऊन टाकावं लागेल."

जिन्यात भेटले तेव्हा काका टोपली छातीशी धरून उभे होते. म्हणाले, "हे गेलं ना, तर ती भिंतीकडे तोंड करून झोपेल. मग उठायची नाही."

म्हणून मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. तिथं मांजराच्या खाण्याची एक अख्खी भिंत होती. काकांनी खिशातून शाळेतलं बहिर्गोल भिंग काढलं (निरोपसमारंभात शाल मिळाली होती, भिंग त्यांनी स्वतःच आणलं असावं) आणि एकेक डबा उलटा करून वाचायला लागले. पुढे मोठ्या अक्षरात बदक, मागे मुंगीच्या अक्षरात कोंबडीचं काळीज. पुढे कोकरू, मागे अंड्याची पूड. एका डब्यावर चक्क 'मांस व इतर'.

"इतर म्हणजे कोण?" काकांनी विचारलं.

दुकानदार तासभर बघत होता. "काका, मांजर ते खाणार आहे, वाचणार नाही."

"म्हणून तर मला वाचावं लागतंय ना बाबा."

शेवटी खालच्या फळीवर एक डबा सापडला. ससा, पाणी, मीठ, जीवनसत्त्वं. बस्स. काकांनी तो दोनदा वाचला आणि पहिला नंबर आलेल्या मुलाच्या पाठीवर मारावी तशी त्याच्यावर थाप मारली.

पहिले दोन दिवस लिटमसनं डब्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी पोटापुढे मान तुकवली. त्याच सुमारास काकूंना दहा दिवस इस्पितळात ठेवावं लागलं, आणि तेवढ्यात मांजराची मान सुकली. कानामागे लव दिसायला लागली. काकांनी वहीत लिहिलं: गुण येतोय.

काकू घरी आल्या आणि आठवड्यात लिटमस पुन्हा रक्तबंबाळ.

काका चक्रावले. पण गडी पद्धतीचा पक्का. आधी चादरींचा साबण बदलला. चार दिवस वाट बघितली. मग घोंगडी बदलली. मग खिडकीला जाळी मारली. मग माझी पाळी आली.

"तू बिस्किट देतोस त्याला."

"देवाशपथ नाही, काका."

"दहावीतही असंच म्हणाला होतास. चंचुपात्र फोडलं होतंस तेव्हा."

मला आठवडाभर त्यांच्या घरात बंदी झाली. लिटमसला काही फरक पडला नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट चांगली चालली होती. काकू जेवत होत्या. दुपारी कोंबडीचं सूप आणि उकडलेलं अंडं, संध्याकाळी पुन्हा तेच. काका ताटली ठेवून औषधं आणायला नाहीतर कपडे वाळत घालायला जायचे, परत यायचे तर ताटली लख्ख. मग ते भांडी घासताना शीळ घालायचे. बेसूर. वरच्या मजल्यापर्यंत यायची, आणि आई म्हणायची, "आज जेवली वाटतं."

काकूंच्या जेवणाचीही वही होती. तिच्यात रोज एकच शब्द: पूर्ण, पूर्ण, पूर्ण.

माझी बंदी उठली त्या दिवशी मी खाली गेलो, तेव्हा काका स्वयंपाकघरात दोन्ही वह्या शेजारी-शेजारी उघडून बसले होते. एका वहीत 'पूर्ण', त्याच तारखेला दुसरीत 'खाज वाढली'. इस्पितळातले दहा दिवस एकीत रिकामे, दुसरीत 'गुण येतोय'. सगळं बदलून बघितलं होतं त्यांनी. ताटली तेवढी राहिली होती. जिनं मनाला बरं वाटतं तिची तपासणी कोण करतो?

ते आतल्या खोलीत गेले, पलंगापाशी गुडघ्यांवर बसले आणि खाली वाकले. बाहेर आले ते एक बशी घेऊन. तिच्या कडेला अंड्याचा पिवळा चुरा वाळलेला होता.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

काकू छताकडे बघत होत्या. "त्याला तुमचा ससा आवडेना, मला तुमचं सूप. आम्ही आपसात मिटवलं."

"अगं, पण त्याची मान सोलून निघाली, आणि तू..."

"त्याच्या बाबतीत चुकलंच माझं. बिचारं." त्यांनी लिटमसच्या डोक्यावर हात ठेवला. "घास खाली उतरतच नाही हो. सांगणार होते. पण पहिल्या दिवशी ताटली रिकामी बघून तुम्ही शीळ घातलीत. किती वर्षांनी. मग ती बंद करायचं जिवावर आलं."

काकांनी बशीच्या कडेचा चुरा नखानं खरवडला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला उचलताना हलकी लागायची रे. मला वाटलं, माझ्या हाताला सवय झाली."

मांजराचं वजन ते दर रविवारी करत होते, ग्रॅमपर्यंत. ते वाढत होतं.

त्यानंतर ते ताटलीशेजारी बसायला लागले. काकूंनी लिटमसवर सशाची जबरदस्ती केली नव्हती, यांनीही काकूंवर सुपाची केली नाही. सशाचे आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले, आणि काकूंच्या वहीत खरं लिहायचं ठरलं. तीन चमचे. दोन चमचे. एक, 'तोही माझ्यासाठी', असं काकांनी लिहिलं. काकू म्हणायच्या, "आता शीळ घाला की." काका ओठ गोल करायचे, पण नुसती हवा यायची, आणि दोघं हसायचे. लिटमस मध्ये झोपलेलं असायचं, ससा खाऊन. ते अंथरुणातून हललं नाही.

काकू सहाव्या आठवड्यात गेल्या.

आठव्या आठवड्याच्या शेवटी मी काकांबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लिटमसची मान भरली होती, कानांमागे दाट केस आले होते. बाई खूश झाल्या. "आता शेवटची पायरी. खात्री करायला थोडं अंडं देऊन बघा. पुन्हा खाजवलं तर समजायचं, दोष खाण्याचाच."

काकांनी टोपलीचं झाकण लावलं. "ते करून झालंय," ते म्हणाले. "घरात एक जण करत होती. माझ्याकडे नोंद आहे."

अजूनही दुपारी एकला ते सशाचा डबा फोडतात आणि ताटली पलंगाशेजारी ठेवतात, कारण लिटमस दुसरीकडे खात नाही. पाच मिनिटांत ती लख्ख होते. काका ती उचलतात, आणि आत नेण्याआधी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघून घेतात.