उतारावरचं बीळ

सदाशिव पेठेत राहून लांडग्यांशी सोयरीक करणारी बाई म्हणून नीरजाताई नातेवाइकांत बदनाम होत्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि रविवार उजाडला की लोणी काळभोरपलीकडचं गायरान गाठायच्या. तिथे उतारावरच्या एका बिळात लांडगी दर हिवाळ्यात व्यायची. हे ठाऊक होतं फक्त त्यांना आणि मच्छिंद्र धनगराला. लांडगी त्याची कोकरं उचलायची. तरी बिळात धूर करू नकोस म्हणून त्याची समजूत घालण्यात ताईंची कित्येक वर्षं गेली होती. बाकी कुणाला त्या ताकास तूर लागू देत नसत. बोभाटा झाला की आधी कॅमेरेवाले येतात आणि मागोमाग काठीवाले.

पुढे हिंजवडी गिळून झाल्यावर बिल्डरांची नजर इकडे वळली. तशा ताई अर्णवकडे गेल्या. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता आयटी कंपनीत समाजकार्याचं खातं सांभाळणारा. गायरान कंपनीने दत्तक घ्यावं, म्हणजे प्लॉट पडणार नाहीत, असं त्यांनी सुचवलं. "झाडं लावायचीच तर पायथ्याला लाव. उतार सोड," एवढं बजावलं. का, ते सांगितलं नाही. पोरगा गुणी होता, पण बातमी गुणी माणसाच्याही तोंडून फुटतेच.

जानेवारीत वृक्षारोपण ठरलं. जानेवारीत कसली झाडं लावतात? पण मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो ना.

ताई पोचल्या तेव्हा उतारभर जेसीबीने चर मारलेले होते. एकसारखे टीशर्ट घातलेली पोरं रोपं घेऊन उभी होती. ताई धावतच बिळापाशी गेल्या. तिथे सपाट माती होती.

"इथे बीळ होतं," त्या मागोमाग आलेल्या अर्णवला म्हणाल्या.

"हो मॅडम. मशीन आलंच होतं, म्हणून काल उतारही करून घेतला. साप वगैरे असेल, मुलांना रिस्क नको, म्हणून ते बुजवलं."

ताई खाली बसून हातांनी माती उपसू लागल्या. त्यांना पाहून मच्छिंद्र मेंढरं सोडून आला. "बाई, मी काल पल्याड हुतो," एवढंच म्हणाला आणि कुऱ्हाडीने उकरू लागला. पिल्लं चार निघाली, एकमेकांना बिलगलेली. एकातही धुगधुगी नव्हती.

"मॅडम, मला सांगायचं होतं ना," अर्णव रडवेला होऊन म्हणाला.

ताईंना त्याचा राग आला नाही. तो खरं बोलत होता, आणि तेच त्यांना सोसवेना.

"त्ये बघा," मच्छिंद्र हळूच म्हणाला. पलीकडच्या बांधावर लांडगी उन्हात उघडी उभी होती, इतक्या माणसांसमोर. पोरांनी भराभर मोबाइल काढले. नीरजाताईंनी कुणालाही अडवलं नाही.