तपासलेला डबा

सुपरमार्केटात नोरीन पाकिटं उलटी धरूनच बघायची. पुढची चकचकीत बाजू थापा मारते, खरं काय ते पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, हे तिला नवऱ्याच्या पोटानं शिकवलं होतं. वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर क्लाइव्हचं पोट असं बिनसलं की गडी मॉरवेल गावात घराबाहेर पडेना. मेलबर्नच्या आहारतज्ज्ञ बाईनं लो फॉडमॅप पथ्य सांगितलं, म्हणजे पोटात आंबून वायू धरणारं काही खायचं नाही. कांदा, लसूण, गहू, सगळं बंद. आणि मेला कांदा कशात नसतो? सॉसात, सुपात, साध्या बटाट्याच्या वेफर्समध्येसुद्धा. तरी नोरीननं नेट सोडला नाही. हिवाळ्यात क्लाइव्ह माणसांत आला, आणि लेकीला, ब्रॉनविनला, त्यानं शब्द दिला की लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये तुला हाताला धरून मीच नेणार.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नोरीननं कोकराची तंगडी भाजली. ग्रेव्हीची पावडर संपली होती, म्हणून घाईत नवा डबा आणलेला. नेहमीचीच कंपनी, कधीच तपासून झालेली. डब्यावर 'आता आणखी चविष्ट' एवढंच नवं होतं.

"अजून वाढ की," क्लाइव्ह म्हणाला. "आज तरी जेलरसारखी बघू नकोस."

"खा बाबा. आज तुझी सुटका."

सकाळी इस्त्रीचा सूट दाराला टांगलेला आणि क्लाइव्ह न्हाणीघरात पोट धरून फरशीवर. गाडीत बसणंसुद्धा शक्य नव्हतं. ब्रॉनविनचा फोन आला तेव्हा नोरीननं सांगून टाकलं.

"राहू दे आई. मला न्यायला काकाला सांगते," लेक म्हणाली.

फोन ठेवून नोरीन स्वयंपाकघरात गेली आणि तिनं डबा उलटा केला. अगदी शेवटी, मिठाच्याही खाली, कांद्याची पूड. छापणाऱ्याचे हात झडोत. पण वाचायचे डोळे तर तिचेच होते, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

डबा घेऊनच ती न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. "क्लाइव्ह, चूक माझी आहे. मी वाचलंच नाही."

त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला परवडलं असतं. तो भिंतीकडे वळला.

"तू जा, एकानं तरी तिथं असायला हवं," तो म्हणाला. "आणि उद्यापासून माझं मी शिजवीन, नोरीन. नुसता भात."