वाढत्या मापाची सायकल

जावई गेला त्याच्या दुसऱ्या म्हयन्यात माझी लेक आन नात माझ्याकडं खडकीला राहायला आल्या. दोन खोल्या हायेत, मावतो तिघी. लेक दवाखान्यात आयाचं काम करती. नात तेरा वर्सांची. शाळंतून आली की भितीकडं तोंड करून पडायची. रडायची नाय. रडनाऱ्याला जवळ घेता येतं. ही नुसती पडायची. जेव म्हनलं की जेवायची, ऊठ म्हनलं की उठायची. वरीसभर तिनं एक वस्तू मागितली नाय.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात, मी भाकरी थापत व्हते, तवा मागनं म्हनाली, "आजी, आमच्या पीटीच्या मॅडम रविवारी सकाळी मुलींना वेताळ टेकडीवर सायकलिंगला नेतात. मी जाऊ?"

माझी तव्यावरची भाकर करपली. मी म्हनलं, "जा की."

"पण साधी सायकल नाही चालत. गिअरवाली लागते. एमटीबी."

"ते काय असतं?"

"डोंगरावरची सायकल असते, आजी."

लोणी काळभोरला, माझ्या म्हायेरी, डोंगरावर आम्ही शेरडं घेऊन जायचो, तेबी अनवानी. डोंगरावर सायकल कशाला न्यायची हे मला अजून कळलं नाय. पन पोरगी भितीकडनं तोंड फिरवून बोलत व्हती. मी दुसरी भाकर थापायला घेतली.

लेकीनं भिशी उचलली. एक सायकल येईल एवढं व्हतं, आन ती चुकली तर दुसरी येनार नाय हे तिघींनाबी ठावं व्हतं. लेकीला सुट्टी मिळंना, म्हनून मी नातीला घेऊन नाना पेठंत गेले. मॅडमनं चिठ्ठी लिहून दिलेली. मी दुसरीपरेंत शिकलेली, मला ती वाचायची म्हनजे दुपार झाली असती. नात वाचायची, मी ऐकायची.

दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून पेपर वाचत व्हता. वर न बघताच म्हनला, "काय हवंय?"

"डोंगरावरची सायकल."

"कोणाला, तुम्हाला?"

मी म्हनलं, "बसवून दावनार असाल तर मलाबी दावा."

तवा त्यानं पेपर खाली ठेवला.

पयल्यांदा माझं मन बसलं ते एका लाल सायकलीवर. पुढं स्प्रिंग, मागंबी स्प्रिंग, मोटारसायकलवानी दिसायची. नातीनं चिठ्ठी वाचली, "पुढे शॉकअप चालेल, मागे नको."

"मॅडमना कळतं म्हणायचं," दुकानदार म्हनला. "स्वस्तातली दोन शॉकअपवाली म्हणजे नुसतं लोखंड. चढावर सायकल मुलीला नेणार नाही, मुलगी सायकलला नेईल."

मला पटंना. मी खडकी बाजारात चाळीस वर्सं भाजी इकली, तराजू बिघडला तरी हाताला वजन कळतं. मी ती लाल सायकल उचलून बघितली, मग तिच्या शेजारची हिरवी उचलली. मानूस खरं बोलत व्हता. हिरवीला पुढंच शॉकअप, दातरे असलेलं जाड टायर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. चिठ्ठीत व्हतं तसं समदं जुळलं. दुकानदार म्हनला, "आजी, हात चांगला आहे तुमचा." आन मी फुगले. तिथंच माझं चुकलं आसंल.

कारन त्या हिरव्या सायकली दोन व्हत्या. येक पंधराची, येक अठराची. मी इचारलं, ह्यात फरक काय? तर म्हनला, फ्रेमचं माप. एक लहान, एक मोठी.

"भाव?"

"एकच."

"एकच? मग मोठी द्या."

"आजी, तसं नसतं. मुलीला दांडीवर उभी करा. मधे चार बोटं जागा राहिली पाहिजे."

पंधराचीवर जागा व्हती. अठराचीवर पोरगी टाचा उचलून उभी राह्यली तवा कुठं दांडी पायांमधी मावली, तीबी घासूनच. चिठ्ठीतबी शेवटाला तेच लिहिलेलं, माप उभं करून बघा. नातीनं वाचून दावलं. म्हनजे मला कुनी सांगितलं नव्हतं असं नाय.

मी म्हनलं, "वाढतं अंग हाय. वर्साच्या आत उतरंल."

आमच्यात लेकराला काय घ्यायचं ते वाढत्या मापाचंच. गनवेश घ्यायचा तो येक टीप जास्त मारून, बूट घ्यायचे ते पुढं कापूस कोंबून. माझी लेक तशीच वाढली. कापूस काढायची येळ आली की बूट फाटलेले असायचे, ते येगळं. पन म्हनून कुनी मापाचे बूट घेतले नाय. मापाचं घ्यायचं म्हनजे दोनदा घ्यायची ऐपत असलेल्यांचं काम.

दुकानदार म्हनला, "आजी, सायकलीत कापूस भरता येत नाही."

"पुढल्या वर्सी हिचं गुडघं हँडलला लागलं तर तुम्ही दुसरी देनार का?"

त्यानं हात जोडले. मग नातीकडं वळला. "काय गं, तुला कुठली बरी वाटते?"

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हनाली, "आजी म्हणेल ती."

मला तवा ते चांगलं वळन वाटलं. दुकानातल्या परक्या मानसासमोर लेकरू उलटून बोललं नाय, मान राखला. मी ताठ मानेनं मोठी सायकल घेतली.

पयल्या रविवारी पोरगी पाचलाच उठली. मी थालीपीठ बांधून दिलं. आली तवा गुडघा सोललेला, पन जेवताना बोलत व्हती, वरून समदं पुनं दिसतं, मोर दिसला, एका मुलीची चैन पडली. लेक माझ्याकडं बघायची, मी लेकीकडं. दुसऱ्या रविवारी कोपर सोललं. "पडले जरा," म्हनाली. सायकल शिकताना पडायचंच, मी हळद लावली.

तिसऱ्या रविवारी लवकर परत आली. सायकल हातात धरून चालत, आन बरूबर मॅडम. तरनी बाई, कॉटच्या कडंला बसली, चहाला नको म्हनाली.

"आजी, उतारावर मधे दगड आला की थांबावं लागतं. थांबलं की पाय टेकावा लागतो. हिचा पाय पोचतच नाही खाली. म्हणून ती दर वेळेला पडते, आणि उठून म्हणते काही नाही झालं. आज मागून येणारी मुलगी हिच्या अंगावरूनच जायची, थोडक्यात वाचली."

"शीट खाली करा की."

"सीट पूर्ण खाली आहे. दांडीच उंच आहे." मग खाली बघून म्हनाली, "तिच्या मापाची सायकल मिळेपर्यंत मला तिला नेता नाही येणार. बाकीच्या मुली पण माझ्या जबाबदारीवर असतात."

तिचं काय चुकलं? ती गेल्यावर मी पोरीची सलवार वर केली. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या, पायडलाचे दातरे उमटलेले.

"बोलली का नाय गं?"

"तू म्हणालीस ना, वर्षाच्या आत उतरेल."

तिनं हे चिडून म्हनलं असतं तर बरं वाटलं असतं.

बसमधी सायकल घेत नाय. दुसऱ्या दिवशी मी आन नात सायकल हातात धरून चालत नाना पेठंत गेलो. दुकानदार खवचट बोलंल म्हनून वाटेभर मी मनात जबाब जुळवत व्हते. त्यानं मला बघितलं, सायकल बघितली, आन उठून बसायला खुर्ची दिली. तवाच मला कळलं, काम व्हनार नाय.

"पंधराची तेव्हाच गेली, आजी. आणि ही आता घासली, मडगार्ड वाकलंय. नवी म्हणून मी ती कोणाला विकू?"

"मग काय करू?"

"थांबा. पोरगी वाढेल."

वाकलेलं मडगार्ड सरळ करून दिलं, त्याचं काय घेतलं नाय. आम्ही आलो तसं चालत माघारी.

लेकीनं ऐकून घेतलं. "आई, तो मानूस दुकानात बसून सायकली इकतो, तू मेथी इकलीस. त्याचं ऐकायचं का तुझं?" एवढंच म्हनाली आन ड्यूटीचे कपडे धुवायला बसली.

मी नातीला अंडं देती, दूध देती, शेंगदान्याचा लाडू देती. खाती बिचारी. ज्वारी पेरली तर पानी घालून दोन दिवसांत फरक दिसतो. मानसाच्या पोराला कितीबी घाला, ते त्याच्या येळंनंच वाढतं. मी दिवसातनं दहादा तिच्याकडं बघती आन तिला ते कळतं.

आता रविवारी सकाळी ती गल्लीत चालवती. आमच्या दाराच्या ओट्यावर पाय ठेवून तिला बसता येतं, बसल्यावर चालवती झकास. थांबायचं झालं की मातर कुठंतरी ओटा लागतो. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गटार हाय, ओटा नाय. म्हनून मी तिथं उभी राहती. शेजारनी हसत्यात, "आजी, तुम्ही सिग्नल झालात का?" मी म्हनती, "झाले बाई."

परवा इचारलं, "तुझा वाढदिवस आलाय, काय घेऊ?" तर म्हनाली, "काही नको, आजी."

मी गटाराच्या कडंला पाय रोवून उभी राहती. ती येती, दोन्ही ब्रेक दाबती, मी हँडल धरती आन ती एक हात माझ्या खांद्यावर टेकती. उतरत नाय, तशीच बसून ऱ्हाती. तिथनं घरांच्या वरून टेकडीचा जरासा तुकडा दिसतो. ती तिकडं बघती, मी हँडल सोडत नाय. मग सायकल वळवून देती आन ती पुन्हा ओट्याकडं जाती.