डाव्या हाताची दाढी

श्रीपती हवालदार माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे होते. तरी मी त्यांना मित्रच म्हणतो. भोकरदनात मला दुसरा कोणी मित्र नव्हता.

बी.ए. होऊन मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आलो, ते १९५७ साल. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. पोलीस ठाण्याचं सगळं दफ्तर उर्दूत होतं, ते आता हळूहळू मराठीत व्हायचं होतं. श्रीपती बोलायचे फर्डं मराठी, पण शाळा उर्दूत झालेली. मराठी लिहायला बसले की घाम फुटायचा. एके दिवशी ते वर्गात आले, टोपी काढली आणि मागच्या बाकावर बसले.

"मास्तर, या वयात सरकारनं आमाला बाराखडी गिरवायला लावली. शिकवता का?"

रोज संध्याकाळी पाचला ते माझ्या खोलीवर येऊ लागले. ठाण्यात दिवसभर काय घडलं, कोण आलं, कोण गेलं, याची नोंद रोजनामच्यात होते. तो अजून उर्दूतच होता आणि तो लिहिण्याचं काम श्रीपतींकडे होतं. तेच ते माझ्यासमोर वहीत मराठीत लिहायचे. मी लाल शाईनं चुका दुरुस्त करायचो.

"आज एक बकरी हरवली. दुपारी सापडली. तिची काही तक्रार नाही," असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. आम्ही खूप हसलो. मी म्हटलं, कधीतरी मनानं रचून लिहा.

"जमायचं न्हाई. खरं लिवलं का हात चालतो. खोट्याला लई शब्द लागतात."

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस ते उशिरा आले. पानभर लिहिलं, टोपी घातली आणि निघून गेले. मी वही ओढून लाल दौत उघडली. पान असं होतं:

"कचरू न्हावी, राहणार धावडा, याला फौजदारसाहेबांचं घड्याळ चोरलं म्हणून आणलं. तो नाही म्हणाला. साहेबांनी त्याचा उजवा हात चौकटीत धरला आणि दार लावलं. दोनदा. मी दाराशी उभा होतो."

आपण काय वाचतो आहोत हे कळेपर्यंत माझ्या दोन वेलांट्या सुधारून झाल्या होत्या.

घड्याळ तिसऱ्या दिवशी फौजदार रामरावांच्या कोटाच्या अस्तरात सापडलं. खिसा फाटला होता. कचरूला सोडलं. तो बैलगाडीतून पडला, असं ठाण्यातले सगळे सांगू लागले. एका शब्दाचाही फरक नाही. कचरूची चार बोटं पुन्हा वळली नाहीत. न्हाव्याचा उजवा हात. त्यानं वर अर्ज केला.

दिवाळीनंतर चौकशीसाठी औरंगाबादहून साहेब यायचे ठरले. आदल्या संध्याकाळी मी श्रीपतींना विचारलं, "तुम्ही सांगणार ना?"

त्यांनी तंबाखू मळली. तोंडात टाकली नाही.

"अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शन झाली, मास्तर. निजामाच्या पोलिसांची छाननी सुरू झाली. एका गावात घरं जळली होती. मी तिथं होतो. जाळलं न्हाई. पण उभा होतो. रामराव तवा जमादार. ते बोलले, श्रीपती त्या दिवशी माझ्यासंगं होता, घोड्याला नाल मारायला गेल्तो आमी."

"गेला होतात?"

"न्हाई."

मळलेली तंबाखू खिडकीबाहेर टाकून ते म्हणाले, "ठाण्यात एकमेकाची पाठ झाकायची असती. कोणी शिकवत न्हाई. आपसूक येतं."

"आणि कचरूची पाठ?"

"त्याचा हात मोडला, मास्तर. पाठ न्हाई."

हा विनोद होता की काय, मला कळलं नाही. ते हसले नव्हते. उठताना म्हणाले, "वही तुमच्याकडंच राहू द्या."

दडवायला की दाखवायला? मी रात्रभर तेच विचारत राहिलो. आजही विचारतो.

चौकशीचे साहेब जुन्या मुंबई राज्यातले. त्यांना उर्दू येत नव्हती. मी मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकलेलो, म्हणून रोजनामचा वाचायला मलाच बोलावलं. कचरू खिडकीखाली हात मांडीवर ठेवून बसला होता. मी त्या दिवसाची नोंद वाचली, "हवालदार श्रीपती सकाळी आठ वाजता समन्स घेऊन धावड्यास रवाना. संध्याकाळी पाचला वापस." अक्षर श्रीपतींचं. सुंदर, एक खाडाखोड नाही.

"खरं आहे?" साहेबांनी श्रीपतींना विचारलं.

"जी. मी धावड्याला गेल्तो."

मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ते पान सावकाश वाचलं. रामराव खिडकीबाहेर बघत होते.

"अक्षर तुमचं?"

"जी."

"मग हे काय?"

"शिकवणी चालू हाये, साहेब. मास्तर म्हनत्यात, मनानं रचून लिवा. मी रचलं."

"साहेब, हे खरं आहे," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत?"

मी पाहिलं नव्हतं. साहेबांनी माझ्या लाल खुणांवरून बोट फिरवलं. "छान सुधारलंय," म्हणाले आणि वही परत सरकवली. कचरूचा अर्ज निकाली निघाला.

शिकवणी थांबली. श्रीपती समोरून आले की मी गल्ली बदलायचो.

दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी कडुलिंबाखाली माणसं गोळा झालेली दिसली. धावड्याहून आलेला कचरू पेटी मांडून बसला होता. वस्तरा डाव्या हातात, थरथरणारा. समोर गणवेशात श्रीपती. अर्ध्या गालाला साबण, अर्ध्या गालावर रक्त.

"हवालदार, ह्यापरीस मांजराकडून बोचकारून घ्या की!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

"हलू नका," कचरू म्हणाला.

नंतर कळलं, श्रीपती दर बाजाराला तिथं दाढीला बसत. दुसरं कोणी बसत नव्हतं. आठवडाभर गालावर खपल्या घेऊन ते ठाण्यात लिहायचे. रामरावांनी विचारलं तेव्हा "दाढी लई राठ हाये" म्हणाले म्हणे.

१९५९ मध्ये माझी बदली जालन्याला झाली. शेवटच्या बाजाराला मी लिंबाखाली गेलो. श्रीपतींच्या हनुवटीवर एकच ओरखडा होता. मागं दोन शेतकरी दाढीला थांबले होते. मी कचरूला हळूच विचारलं, "माफ केलंस?"

"न्हाई."

"मग?"

"दुसऱ्या कोणी गळा दिला असता का माझ्या हातात?" त्यानं वस्तरा पुसला. "अजून रोज वाटतं, विचारावं. दाराशी उभं राहून काय बघितलं? मंग वाटतं, दाढी नीट होऊन राह्यली, होऊ द्या."

श्रीपती तोंड पुसत उठले. दोन वर्षांनी आम्ही समोरासमोर होतो. 

"बसा, मास्तर," ते म्हणाले. "आता हात बसलाय त्याचा."

मी का बसलो, माहीत नाही. कचरूला आरसा धरायला दुसरा हात नव्हता. तो श्रीपतींनी उचलला आणि माझ्यासमोर धरला. आरशात माझा साबण लावलेला गळा होता, आणि कडेला त्यांची चार बोटं.