लिंबू चिरडायला निघालेलं जेट

"जाधव, चाकांखालचे चॉक काढायला सांगा. ब्रेक मी धरलाय," साहेब कॉकपिटमधून म्हणाले.

जव्हारजवळच्या एका शाळेच्या मैदानात आमचं जुनं लढाऊ जेट उभं होतं. शोभेसाठी मिळालेलं. इंजिन काढलेलं, तरी वजन काही टन. दुसऱ्या दिवशी क्रेन येऊन ते चौथऱ्यावर चढवणार होती, त्याआधी पूजा. मी एअरफोर्समधून रिटायर झालेला फिटर, विमानाची चाकं-पाय बघणारा माणूस. साहेब रिटायर्ड पायलट. याच जातीच्या विमानावर त्यांची अर्धी सर्व्हिस गेलेली.

नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवून ती पुढे घ्यायची, ही आपली रीत. शाळेच्या चेअरमनना विमानालाही तेच हवं होतं. आता चाकाला चॉक, म्हणजे लाकडी पाचर, असताना लिंबू चिरडणार कसं? साहेब म्हणाले, पाचरी काढा, चार माणसं ढकलतील, हातभर पुढे गेलं की मी थांबवतो.

मी शिडीवर चढून सांगितलं, सर, हा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो, आणि आपल्या हवेच्या बाटलीचं गेज शून्यावर आहे. साहेब हसले. आता तुम्ही मला ब्रेक शिकवणार का, म्हणाले. मी खाली उतरलो आणि मुकाट्याने शेपटीकडे जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांची खोड, रँक समोर आली की तोंडाला कुलूप. तिथेच माझं चुकलं.

पाचरी काशिनाथने काढल्या. हा शाळेचा शिपाई, मोखाड्याकडच्या पोशेरा गावचा, कंत्राटावरचा. चौघांनी ढकललं. लिंबं फुटली, टाळ्या वाजल्या, आणि विमान काही थांबेना. मैदानाला उतार. खाली स्वागताला मुलींची रांग उभी. साहेब ब्रेकचा लिव्हर दाबताहेत, दाबतच आहेत.  मी ओरडत मुलींकडे धावलो.

काशिनाथने मात्र दगड शोधला. मोखाड्याच्या घाटात जीप उभी राहिली की आधी खाली उतरून चाकाला दगड लावायचा, हे तिकडच्या माणसाच्या अंगात भिनलेलं असतं. त्याने फुलझाडांच्या कडेचा एक धोंडा उचलून पुढच्या चाकाखाली सारला, लगेच दुसरा मागच्या. विमान कडकडलं, तिरकं झालं आणि थांबलं. मुली दहा पावलांवर होत्या. पुढच्या चाकाचा दांडा तेवढा वाकला.

चेअरमन तिथेच काशिनाथवर घसरले. पाचरी तूच काढल्यास, धोंडे घालून विमानही तूच मोडलंस, उद्यापासून येऊ नको.

"साहेबांनी सांगला म्हून काढल्या," काशिनाथ म्हणाला. "धोंडा नसता घातला तं पोरी गेल्या असत्या."

 ही नोकरी गेली की बायकोपोरांसकट वीटभट्टीवर जायचं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. साहेब शिडीवरून उतरून रुमालाने हात पुसत होते. माझं डोकंच सणकलं.

एअरफोर्समध्ये आधी रिपोर्ट, मग शिक्षा. मी शाळेच्या ऑफिसातून कोरा कागद आणला, मैदानात उभ्या जीपच्या बॉनेटवर ठेवून घडलं ते क्रमाने लिहिलं आणि पेन साहेबांपुढे धरलं.

"सर, कारण काय लिहू?"

साहेबांनी एकदा चेअरमनकडे पाहिलं, मग काशिनाथकडे. 

"पायलट एरर," ते म्हणाले. "आणि विमान शिपायाने थांबवलं, हेही लिहा."

त्यांनी रँकसकट सही ठोकली. त्याखाली मी माझं लिहिलं: गेज शून्य असल्याचं ठाऊक असूनही फिटर चॉक सोडून बाजूला गेला. चेअरमननी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात घातला. मी तो परत मागून घेतला, त्याच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या आणि एक काशिनाथच्या हातात दिली.

सोमवारी तो कामावर हजर होता. दांडा सरळ करायला आम्हां दोघांना आठ दिवस लागले. चूक खालच्या माणसाच्या गळ्यात घालायला कागद लागत नाही. वरच्याने ती स्वतःवर घेतली, तर मात्र लगेच लिहून घ्यावी.