जावेच्या कानातलं

गेल्या पौषाच्या तोंडावर माझ्या धाकट्या जावेच्या कानांत पांढरी बोंडं दिसली, आणि मला जेवण गोड लागेनासं झालं.

पार्से गावात आमची दोघींची घरं एकाच आवारात आहेत. मधे एक माड आणि कपडे वाळत घालायची दोरी. ती त्या दोरीपाशी उभी होती. मला वाटलं, नातवंडांची चैन हिने उचलली, गाणी ऐकते आहे. मी आपली ओट्यावरून पुटपुटले, "म्हातारपणी नाच सुरू केलान् हिने." पुटपुटलेच, शपथेवर सांगते. तर बाई वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "नाच न्हय वयनी, तुजें पुटपुटणें आयकतां."

माझ्या हातातली सुपारी खाली पडली.

तिची नात मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे, तिने ती आणून दिली होती. तरुण पोरं फोनला जोडून गाणी ऐकतात तेच इअरबड्स. पण त्यांत म्हणे अशी सोय असते की फोनवरच कानांची परीक्षा घ्यायची, आणि मग आपल्याला जे कमी ऐकू येतं तेवढंच ते मोठं करून कानात सांगतात. डॉक्टरांचं श्रवणयंत्र नव्हे. ते यंत्र लावलं की सगळा गाव म्हणतो, म्हातारी बहिरी झाली. हे लावलं की म्हणतो, म्हातारी मॉडर्न झाली. यातच माझं अर्धं पित्त खवळलं.

बहिरेपण तोवर आमच्यात सामाईक होतं. आमच्या आवारात गेली काही वर्षं जी शांतता होती तिला लोक जावांचा समजूतदारपणा म्हणायचे. कसला समजूतदारपणा? मी काय बोलते ते तिला ऐकू जात नव्हतं आणि ती काय बोलते ते मला. मी तर पोदेराशीही भांडले होते, की पाव घेऊन येतोस आणि आमच्याच दारात भोंगा वाजवत नाहीस. तो बिचारा वाजवून वाजवून दमला होता.

आमचं वैर जुनं, आणि एकतर्फी. ती लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच चतुर्थीला फुगडीचं गाणं म्हटलं आणि सासूबाई मला म्हणाल्या, "बघ, गळो असो आसचो." झालं. तेव्हाची मी, वेणीत अबोली माळून स्वतःला राणी समजणारी, गळा मिळवायच्या मागे लागले. खडीसाखर आणि मिरी तोंडात ठेवून दिवसभर घुम्यासारखी फिरायचे. कोणीतरी सांगितलं, विहिरीत गायलं की आवाज गोल होतो. मग दुपारी विहिरीच्या कठड्यावर पोट टेकून, डोकं आत घालून गात बसले. शेजारच्या माणसाने दोर आणला. त्याला वाटलं, बाई पडली आणि मदतीला ओरडते आहे. ती बावळट पोर आज समोर आली तर मी तिला बसवून चहा पाजेन, पण गाऊ देणार नाही.

तरीही एका गोष्टीत मी जावेच्या बरोबरीला होते. पौषात आमच्या वाड्यावर धालो असतो. सारवलेल्या मांडावर, देवीच्या पवित्र जागेवर, बायका समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून वाकत वाकत पुढेमागे होतात. एका रांगेने ओळ म्हणायची, ती संपता संपता दुसरीने उचलायची. रांगेच्या टोकाला उभी असते ती पयली. तिने सुरुवात करायची, बाकीच्यांनी मागून यायचं. एका रांगेची पयली ती, दुसरीची मी. मी थोरली म्हणून, गळ्यासाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण मान तो मान. कान गेल्यापासून मी तिच्या ओठांवर डोळे लावून वेळ साधत होते, आणि तीही माझ्या. दोन आंधळ्यांनी एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडावा तसं आमचं चाललं होतं.

आता तिला दिसू लागलं होतं आणि मला नाही. यंदा माझी फजिती सगळ्यांना कळणार होती.

म्हणून पहिल्या संध्याकाळी, रांगा लागण्याआधी, मी मांडाच्या मानकरणीपुढे गेले. ती आमच्यात सगळ्यांत वयस्क, तिचा शब्द चालतो. मी शक्य तितक्या भाविक आवाजात म्हटलं, "मांडार चपलां घालून येणें ना. मग हें यंत्र कशें चलतलें?"

मानकरणीने विचार केला. बायका जावेच्या कानांकडे बघू लागल्या. जावेने दोन्ही बोंडं काढली, त्यांच्या डबीत घातली, डबी पदराला बांधली. "बरें वयनी," म्हणाली. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला जागाच उरली नाही.

तो आनंद तीन ओळी टिकला. ती आता पुन्हा माझ्या ओठांकडे बघत होती, पण महिनाभर कानांनी ऐकून तिची ती सवय मोडली होती. तिने माझी ओळ अर्ध्यात उचलली. मी गोंधळून थांबले. मग दोन्ही रांगा गप्प, कोणीच काही म्हणेना, नुसत्या वाकलेल्या बायका. सुनांच्या बाजूने फिस्स करून हसू आलं. ते ऐकू आलं नाही मला, खांदे हललेले दिसले.

मानकरीण म्हणाली, "फाल्यां सुनांक फुडें घालया. तुमी दोगी मदीं रावात."

उद्या मधे! नव्या नवरींना ठेवतात तिथे, हात धरून ओढत न्यायला सोपं पडावं म्हणून. मी घरी येऊन पेज तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयेहून माझी मुलगी आली. तिला मी सगळं सांगितलं, अर्थात माझा भाग वगळून. तिने पिशवीतून आपली स्वतःची तसलीच डबी काढली. "आई, परीक्षा देतेस? नापास झालीस तरी कोणाला सांगणार नाही."

खोलीची खिडकी-जनेलं लावली, पंखा बंद केला, कोंबड्याला हाकललं. उजवं बोंड सारखं निसटत होतं, त्याची लहान रबरी टोपी बदलली. मग कानात बारीक टुणटुण. ऐकू आलं की फोनवर बोट टेकवायचं. बराच वेळ काहीच ऐकू येईना, तरी मी मधूनमधून बोट टेकवत राहिले.

"आई, लबाडी चालत नाही. पुन्हा पहिल्यापासून."

निकाल लागला, मध्यम. मुलगी म्हणाली, मध्यमाला हे पुरतं, याहून जास्त असतं तर आजच म्हापशाला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि एकदा नेणारच आहे. मग तिने ते माझ्या कानांना बसवलं आणि स्वयंपाकघरात गेली.

आधी फ्रिज ऐकू आला. तो बोलतो हे मी विसरले होते. मग माझ्याच बांगड्या. मग शेजारून जाऊ कोणाला तरी सांगत होती, "वयनीक बरें ना दिसता. राती जेवली ना ती." हे तिला कसं कळलं कोण जाणे. मला चांगलंच झोंबलं. मत्सर करायचा आणि वर तिने काळजी करायची, म्हणजे आपण करायचं तरी काय?

संध्याकाळी मी पुन्हा मानकरणीपुढे उभी, पदर कानांवरून ओढून.

"बाय, यंत्राक मांडार हरकत आसचीना."

"काल तूंच म्हळें ना, चलना म्हणून?"

"काल माका आयकूंक येनासलें," मी स्वतःच्याच ओठांना बोट लावून म्हटलं, "हांव कितें उलयतां तें."

मानकरीण मोठ्याने हसली. मग पदराकडे बोट करून म्हणाली, "काड तो. लिपयता कित्याक? आनी दोगी आपापल्या जाग्यार वचात."

जावेने माझ्या कानांकडे बघितलं. डबी सोडली आणि आपली बोंडं घातली.

रांगा लागल्या. तिने पहिली ओळ घेतली आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, की वयाबरोबर तिचा गळा गेला. गेला नव्हता. उलट पिकला होता, खाली उतरून जड झाला होता, आणि प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ. त्याच्यापाठोपाठ माझा आवाज मला ऐकू आला, अडोळीवर नारळ खवल्यासारखा. बहिरी होते तेव्हा किती सुखात होते मी!

पण टोकाला मी उभी होते. तिचा शेवटचा शब्द मी खाली पडू दिला नाही, तोंड भरून उचलला. माझी सगळी रांग मागून आली. आणि वाकता वाकता मनात म्हटलं, देवी, हिच्या यंत्राची बॅटरी माझ्याआधी संपू दे.